जेवण अर्ध्यावर आणलं, तरी काटा हलेना? या चुका टाळा

"मी तर काहीच खात नाही गं, तरी वजन वाढतंच." हे मी चार वर्षं म्हणत होते आणि अगदी मनापासून म्हणत होते. दोन फुलके, भाजी, वाटीभर आमटी, भात बंद. यात वाढण्यासारखं आहे काय? मग एका रविवारी सकाळपासून तोंडात गेलेलं सगळं कागदावर लिहून काढलं. ताटातलं चार ओळींत संपलं. ताटाबाहेरच्यानं पान भरलं: चव बघायला दोन चमचे पोहे, लेकाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी (अन्न टाकायचं नाही ना!), पाहुण्यांबरोबर आणखी एक चहा, त्याच्यासोबत खारी, डबे भरताना मूठभर शेंगदाणे.

काटा हलत नसेल तर लगेच आणखी एक फुलका कमी करू नका. आधी तीन दिवस हे ताटाबाहेरचं लिहा.

न दिसणारं तेल आणि साखर

तेल कोणी "खात" नाही, ते फोडणीत जातं. म्हणून हिशेब महिन्याच्या किराण्यावरून करायचा. चौघांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम पडतं. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे जवळजवळ 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. आमच्याकडे मी कढईत थेट ओतणं बंद केलं आणि डब्यात एक छोटा चमचा टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चहाचंही तसंच. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे सहा चमचेच बरे म्हणते, आणि त्यात बिस्किटातली साखरही आली. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून कॅलरी फारशा कमी होत नाहीत. सकाळच्या लिंबू-मध-कोमट पाण्यानं चरबी वितळते, हेही विसरा.

उपवास आणि भाकरी

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च, प्रथिनं जवळपास शून्य. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचं कूट. ताटलीभर खिचडी नेहमीच्या भाजी-पोळीच्या जेवणाला सहज गाठते, आणि उपवास म्हणून आपण दुसऱ्यांदाही घेतो. श्रद्धेनं उपवास करा, माझं काही म्हणणं नाही. पण वजनासाठी करत असाल तर थोडी भगर, काकडीची कोशिंबीर आणि ताक बरं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका.

पोळी सोडून भाकरी धरणाऱ्यांनी पिठाकडे बघावं. ज्वारी आणि गहू वजनाला वजन धरले तर कॅलरी जवळपास सारख्याच. मोठ्या एका भाकरीत दोन-तीन फुलक्यांचं पीठ बसतं.

टेकडी आणि वडापाव

70 किलोचा माणूस 4 किलोमीटर चालला तर साधारण 200 कॅलरी खर्च होतात. टेकडी उतरल्यावरचा वडापाव 300च्या आसपास. चालणं सोडू नका, पण चाललो म्हणून बक्षीस घेऊ नका.

काट्याला घाबरणं

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि मग सगळं थांबतं, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. ते दोन किलो बहुतांशी पाणी असतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजनला (म्हणजे साखरेच्या साठ्याला) त्याच्या तिप्पट-चौपट पाणी चिकटलेलं असतं, ते आधी जातं. उलटही होतं. रात्री पापड-लोणचं झालं की सकाळी काटा किलोभर वर. एक किलो चरबी साठायला सुमारे 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात, त्या लोणच्यानं येत नाहीत. म्हणून रोजचा आकडा नको, आठवड्याची सरासरी बघा, आणि सोबत टेप. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपण वरून सडपातळ दिसतो, पण आत चरबी जास्त बाळगतो.

"लग्नापर्यंत"

माझी सगळ्यात मोठी चूक ही. भाच्याच्या लग्नासाठी रात्रीचं जेवण सोडून तीन महिन्यांत 9 किलो उतरवले. फोटो सुरेख आले. पुढच्या दिवाळीपर्यंत 10 परत. तेव्हा घरोघरी 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता: दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित, की थोड्या थोड्या वेळानं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. मी मात्र दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचललं होतं.

वजन उतरल्यावर शरीराला कमी इंधन लागतं आणि भूक मात्र वाढते. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या टीव्ही-स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास 2016 चा. त्यामुळे लग्नानंतर "पूर्वीसारखं" खाणं म्हणजे जास्तच खाणं. तिथेच 1994 पासून, वजन उतरवून टिकवलेल्यांची नोंद ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज साधारण तासभर हालचाल करतात, आणि चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. यात चमकदार काहीच नाही.

म्हणून आता मी जे सहा महिन्यांनीही करेन तेवढंच बदलते: लहान वाटी, चहाला एक चमचा, जेवणात उसळ किंवा अंडं, रात्रीचं जेवण साडेआठला. आणि एक लक्ष्मणरेषा, दोन किलोंची: काटा त्याहून वर जाऊ द्यायचा नाही. यंदा गौरी-गणपतीत मोदक मोजले नाहीत, काटा दीड किलो वर गेला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा फ्रिजवर चिकटवला. पहिल्या ओळीत लिहिलंय: पोहे, चवीपुरते, दोन चमचे.