बहिणीचा हिस्सा: वडिलांच्या मागे वाटणी शरियतप्रमाणे कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मुसलमान घरांत नमाज-रोज्याचे मसले विचारणारे पुष्कळ असतात. वडील वारल्यावर बहिणींना किती द्यायचं, हे विचारायला मात्र फार थोडे मौलवीसाहेबांकडे जातात. "लग्नात दिलंय की" एवढ्यावर विषय मिटतो आणि उताऱ्यावर फक्त भावांची नावं चढतात. मग शेजारपाजारच्यांनाही वाटतं की मुसलमानांत मुलीला काही मिळत नाही. नमाजच्या रकाती (उभं राहण्या-वाकण्याच्या फेऱ्या) किती, हे कुरआनात मोजून दिलेलं नाही, ते हदीसवरून, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींवरून, कळतं. वारशाचे अपूर्णांक मात्र सुरह निसाच्या 11, 12 आणि 176 या आयतींत थेट दिले आहेत. मालमत्ता थोडी असो वा जास्त, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरलेला आहे, असं त्याच सुरहची 7 वी आयत सांगते. म्हणून बहिणीला देणं हा भावाचा मोठेपणा नाही, तो तिचा हक्क आहे. खालचा हिशोब हनफी मताचा, म्हणजे सुन्नींच्या एका कायदेपंथाचा, आहे. घर शाफई या दुसऱ्या पंथाचं असेल तर काही ठिकाणी फरक पडतो, तो आपल्या मुफ्तींना (शरियतचा निर्णय सांगणाऱ्या जाणकारांना) विचारावा.

पहिलं काम यादीचं. मयताच्या मालकीचं सगळं एका वहीत लिहा: घर, शेत, उभं पीक, साखर कारखान्याचा शेअर, मागाहून येणारं उसाचं बिल, दुकानातला माल, गाडी, बँकेतली रक्कम, लोकांकडून येणं. पाडव्याला आलेलं बिल थोरल्या मुलाच्या खात्यात जमा झालं म्हणून ते त्याचं होत नाही, ऊस वडिलांचा होता. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी तो माणूस पैसे उचलून वारसांपर्यंत पोचवणारा, मालक नव्हे. उलट आईचे दागिने आणि तिला मिळालेला मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) या यादीत घालू नका, ते तिचंच आहे.

इथे एक घोळ हमखास होतो. मुलगा वीस वर्षं वडिलांच्या शेतात राबलेला असतो आणि म्हणतो, अर्धं मीच उभं केलं. भागीदारी किंवा पगार वडिलांच्या हयातीत ठरला नसेल तर मुलगा वडिलांचा मदतनीस धरला जातो आणि मिळकत वडिलांचीच राहते. हे त्या मुलाला फार लागतं. त्यामुळे वडील धडधाकट असतानाच दोन साक्षीदारांसमोर कागद करून ठेवावा. "वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हक्क" हा हिंदू कायद्यातला विचार आहे. शरियतमध्ये बाप जिवंत असेपर्यंत मुलगा किंवा मुलगी कोणाचाच हिस्सा नसतो.

आता यादीतून वजाबाकी, क्रम चुकवू नका. आधी कफन-दफनाचा साधा खर्च. मग कर्ज: सोसायटीचं, सावकाराचं, उधारीचं, आणि बायकोचा न दिलेला मेहर. मेहर पुष्कळ घरांत निकाहनाम्यावरच राहतो आणि मय्यतीच्या वेळी "माफ कर" म्हणून बायकोला गराडा घालतात. तो कर्जच आहे, वाटणीआधी तिला द्यायचा, आणि तिचा वारसा हिस्सा त्याशिवाय वेगळा. त्यानंतर वसीयत, म्हणजे मृत्युपत्र. ती उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते आणि वारसाच्या नावे चालत नाही, बाकीचे सज्ञान वारस मय्यतीनंतर राजी झाले तरच. हजरत साद बिन अबी वक्कास आजारी असताना बरीच मालमत्ता दान करू म्हणाले, तेव्हा पैगंबरांनी (स.) तिसऱ्या हिश्शावर थांबवलं आणि तोही पुष्कळ आहे असं सांगितलं.

जियारत (मय्यतीनंतरचा विधी) आणि चाळीसाव्याची जेवणं या वजाबाकीत बसत नाहीत. न वाटलेल्या पैशातून पंगती उठवल्या आणि वारसांत एखादं अज्ञान लेकरू असेल, तर त्याच्या हिश्शातून जेवण झालं. अनाथांचा माल खाणाऱ्यांबद्दल सुरह निसाच्या 10 व्या आयतीत फार कडक शब्द आहेत. जेवण घालायचंच असेल तर ज्याला वाटतं त्याने स्वतःच्या खिशातून घालावं.

आता अपूर्णांक. मूलबाळ असेल तर बायकोला 1/8, नसेल तर 1/4. बायको वारली आणि मूलबाळ असेल तर नवऱ्याला 1/4, नसेल तर 1/2. मूल असताना मयताची आई आणि वडील यांना प्रत्येकी 1/6. मुलगा नसून एकच मुलगी असेल तर तिला 1/2, दोन किंवा अधिक मुली असतील तर सगळ्यांत मिळून 2/3. मुलगेही असतील तर बाकीच्यांचे हिस्से काढून जे उरेल त्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक.

उदाहरण घेऊ. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली, आणि सगळी देणी भागवून चार एकर शेत. चार एकर म्हणजे 160 गुंठे. बायकोचा आठवा हिस्सा 20 गुंठे. उरले 140. मुलांचे चार आणि मुलींचे तीन, असे सात भाग, म्हणजे भागाला 20 गुंठे. प्रत्येक मुलाला 40, प्रत्येक मुलीला 20. आजी (मयताची आई) हीही हयात असेल तर हिशोब बदलतो: एकूण 168 भाग धरा, आजीचे 28, बायकोचे 21, प्रत्येक मुलाचे 34, प्रत्येक मुलीचे 17. आजी घरातच असते, म्हणून बहुतेक घरांत तिलाच विसरतात.

मुलगा नसलेल्या घरात दोन्हीकडून चूक होते. कुठे चुलता म्हणतो सगळं माझं, कुठे मुली म्हणतात चुलत्याचा काय संबंध. उहुदच्या लढाईत शहीद झालेले साद बिन रबी यांच्या मागे बायको, दोन मुली आणि भाऊ होता, आणि भावाने सगळा माल ताब्यात घेतला होता. बायकोने पैगंबरांकडे (स.) दाद मागितली. निवाडा असा झाला: दोन मुलींना 2/3, त्यांच्या आईला 1/8, राहिलं ते भावाचं. म्हणजे 24 भागांत 16, 3 आणि 5. मयताचे वडील हयात असतील तर भावाला काही नाही. काही वेळा हिश्शांची बेरीज एकापेक्षा जास्त होते. बाई वारली, मागे नवरा, दोन मुली, आई आणि वडील, तर 12 पैकी 3, 8, 2, 2 मिळून 15 होतात. तेव्हा मालमत्तेचे 15 भाग करून याच प्रमाणात वाटतात. असं गणित समोर आलं की मुफ्तींकडून लेखी फतवा घ्या. प्रश्न लिहिताना प्रत्येक वारसाचं मयताशी नातं आणि मृत्यूचा क्रम अचूक लिहा, नाहीतर उत्तरही चुकीचं येतं.

"मुलीला निम्मं का?" हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. मेहर, बायकामुलांचा खर्च आणि गरज पडल्यास आईवडिलांचा सांभाळ पुरुषावर आहे. बाईचा हिस्सा तिचा एकटीचा, त्यातून घर चालवण्याची सक्ती तिच्यावर नाही. शिवाय निम्मं हा सगळीकडचा नियम नाही, वर आई आणि वडील दोघांना सारखेच 1/6 आले आहेत. ज्या घरात भाऊ बहिणीची जबाबदारी उचलत नाही आणि हिस्साही देत नाही, तिथे मात्र शरियतचं नाव पुढे करण्याचा अधिकार उरत नाही. लग्नातलं जहेज हिश्शात वळतं होत नाही. विधवेने दुसरा निकाह केला म्हणून पहिल्या नवऱ्याकडचा हिस्सा जात नाही. दत्तक मुलाला आणि (काका हयात असताना) आधीच वारलेल्या मुलाच्या पोरांना वारसा मिळत नाही, हे मात्र खरं. त्यांच्यासाठी आजोबांनी एक तृतीयांशातून वसीयत करावी किंवा हयातीत हिबा (बक्षीस) करून ताबाही द्यावा. ताबा न दिलेला हिबा कागदापुरताच राहतो.

शेवटी सरकारी कागद. मृत्यूचा दाखला घेऊन नाडकचेरीत (गावपातळीच्या महसूल कार्यालयात) वंशावळीसाठी अर्ज करा. मुलींची नावं गळतात ती इथेच, म्हणून अर्ज भरताना सगळ्या बहिणींना हजर ठेवा. आधी सगळ्यांची नावं सामाईक चढू द्या, मग मोजणी करून अकरा-ई नकाशा (जमिनीचे वाटलेले तुकडे दाखवणारा) घ्या आणि वाटणीपत्र सबरजिस्ट्रारकडे नोंदवा. 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे वाद कोर्टात नेण्याआधी वकिलाला हा मुद्दा जरूर विचारा. आपसात राजीखुशीने वाटून घ्यायला तो आड येत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी मुली गडहिंग्लज, चंदगड, मिरज, कोल्हापूरकडे दिलेल्या आहेत. त्यांना मराठी वाचता येतं, इथला कागद कन्नडमध्ये असतो. "वारसाची सही आहे गं आपा" म्हणून बोट दाखवलेल्या जागी सही होते आणि तो हक्कसोड निघतो. प्रत्येक ओळ मराठीत वाचून घेतल्याशिवाय आणि आपला हिस्सा किती गुंठे, किती रुपये हे कळल्याशिवाय सही करू नये. वडील हयात असताना "मला नको" म्हटलेलं धरलं जात नाही, कारण तेव्हा हक्कच नव्हता. नंतरही आधी हिस्सा तिच्या ताब्यात द्या, महिना-दोन महिने जाऊ द्या, मग तिने स्वतःहून भावाला दिला तर तो तिचा प्रश्न. अज्ञान वारसाच्या वतीने मात्र हक्कसोड कोणीच देऊ शकत नाही. वडील आणि आजोबा दोघेही नसतील तर आई, भाऊ किंवा चुलत्याला त्याची जमीन परस्पर विकता येत नाही, त्याला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.