जिन्यातला दिवा आपोआप लागावा म्हणून

जिन्यातला दिवा आपोआप लागायला फार सामान लागत नाही. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर५०१ हा माणसाची हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, एक एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग), १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल, म्हणजे नॅनोच्या सिग्नलवर चालणारा स्विच. वायफाय आणि ॲप मी मुद्दाम घेत नाही. अंधारात आधी फोन चाचपडायचा नि मग दिवा लावायचा, हे मला पटत नाही.

एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं नॅनोच्या ए० पिनला. ए० पासून रेझिस्टर ग्राउंडला. उजेडात रीडिंग चढतं, अंधारात उतरतं. पीआयआरचं आउटपुट डी२ ला, रिलेचं इनपुट डी७ ला. अंधाराचा आकडा, म्हणजे रीडिंग ज्याच्या खाली गेलं की अंधार समजायचा तो, दुसऱ्याच्या प्रोग्राममधून उचलू नका. संध्याकाळी दिवा लावावासा वाटला की सीरियल मॉनिटरवर (नॅनोची रीडिंग दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) जे रीडिंग दिसेल, तोच तुमचा आकडा.

आता खरी गोम. दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो. प्रोग्रामला वाटतं उजाडलं, दिवा विझतो, लगेच पुन्हा लागतो. म्हणून अंधार तपासायचा तो फक्त दिवा लावताना. एकदा लागला की एलडीआरकडे बघायचंच नाही. प्रत्येक हालचालीला मिलिस() ची वेळ (नॅनो चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) नोंदवायची आणि २ मिनिटं कोणी फिरकलं नाही तर दिवा बंद. इथे डिले() ही नुसतं थांबवून ठेवणारी आज्ञा नको, तेवढा वेळ नॅनोला बाकी काही दिसत नाही.

पीआयआरला चालू केल्यावर स्थिरावायला मिनिटभर द्या, तोवर तो उगाच सिग्नल देतो. त्याच्यावरच्या दोन स्क्रूंपैकी वेळेचा स्क्रू कमीत कमीवर ठेवा, कारण वेळ आपण प्रोग्राममध्ये मोजतोय. सेन्सर असा बसवा की माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ अंगावर येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. आणि अभ्यासाच्या खोलीत हे बसवू नका. वाचणारा माणूस हलत नाही, तो अंधारात बसेल.

बरीच रिले मॉड्यूल्स लो सिग्नलवर, म्हणजे इनपुट शून्य व्होल्टवर गेल्यावर, चालू होतात, हे आधी तपासा. सगळं प्रथम साध्या एलईडीवर चालवून बघा. मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, जोडणी एमसीबी बंद करून, सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच. रिलेच्या कॉम (सामाईक) आणि एनओ (एरवी उघडं राहणारं) या टोकांमधून फेज जाऊ द्या, न्यूट्रल नाही. भिंतीवरचं जुनं बटण काढू नका. ते रिलेला समांतर राहिलं की नॅनो रुसला तरी दिवा लावता येतो.