रिकामा वेलही जांभळा झाला, तेव्हा

घर आर्णीकडच्या खेड्यात, एम.एस्सी.चं प्रोजेक्ट नागपूरच्या एका लॅबमध्ये. विषय: जास्त साखरेतल्या ह्यूवेक पेशींना (बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी) आवळ्याचा अर्क वाचवतो का. असंच प्रोजेक्ट करणार असाल, तर थिअरी तुम्हाला पाठ असेलच. रक्तातली साखर वाढली तरी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींना आपलं दार लावून घेता येत नाही. पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, सुपरऑक्साइड हा घातक रेणू वाढतो, तो वाहिनी सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतो आणि वाहिनी नीट सैलावत नाही. मधुमेहाचा संशोधक ब्राउनलीचा 2001 चा 'नेचर'मधला लेख आधी वाचा, रिव्ह्यूंचा ढीग नंतर.

पेशी वाढवायचं नेहमीचं माध्यम 5.5 मिलिमोलर ग्लुकोजचं, जास्तीचं 30 चं. 18 ने गुणा, म्हणजे रिपोर्टमधले मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतात: 99 आणि 540. आमच्याकडे कुणाची शुगर 540 निघाली तर रातोरात गाडी करून यवतमाळ गाठतात. 5.5 ग्लुकोजमध्ये 24.5 मॅनिटॉल (पाणी तेवढंच दाट करतं, पण पेशी ते वापरत नाहीत) घातलेला कंट्रोल तुलनेसाठी ठेवाच, नाहीतर पेशी साखरेनं मेल्या की नुसत्या दाट पाण्यानं, हे कळणार नाही.

आता मी जिथं आपटलो ते. प्लेटमधल्या प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात, पेशी किती जगल्या हे मी एमटीटी नावाच्या रंगचाचणीनं मोजत होतो. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून 570 नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं. माझ्या सगळ्यात मोठ्या डोसला 140 टक्के पेशी जिवंत! म्हणजे साखर न वाढवलेल्या पेशींच्याही वरचढ. सर म्हणाले, "छान, ग्राफ काढ." मी घरी फोनही केला.

एका सिनियर ताईनं विचारलं, "पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क टाकून बघितलास?" बघितला. तोही जांभळा. एमटीटीला इलेक्ट्रॉन मिळाला की ते रंग बदलतं, मग तो पेशीनं दिलेला असो की अर्कातल्या सी-जीवनसत्त्वानं. आणि इलेक्ट्रॉन देणं हेच तर अँटिऑक्सिडंटचं काम! मी पेशी नाही, आवळा मोजत होतो. चार महिने गेले. रडलो, खोटं कशाला सांगू.

म्हणून अर्क आणि एमटीटी असलेले, पण पेशी नसलेले तीन वेल प्रत्येक डोसला ठेवा. एमटीटी टाकण्याआधी अर्काचं माध्यम काढून पीबीएस या क्षारांच्या द्रावणानं दोनदा धुवा. शिवाय मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूनं पेशी डोळ्यांनी मोजा. जुन्या थिसिसमधला प्रोटोकॉल उतरवून काढू नका; मी तेच केलं होतं. आणि गाइड निवडताना नावापेक्षा तो प्लेट हातात घेऊन बघतो का, ते बघा.

घाबरू मात्र नका. दोन महिन्यांत पुन्हा केलं, फायदा थोडाच दिसला, पण खरा होता, आणि व्हायवात तेवढ्यावर निभावलं.

दिवाळीला काकांनी विचारलं, "तं मंग आवयाचा रस पिऊन शुगरची गोयी बंद करू का?" म्हटलं, काका, प्लेटमधलं अंगात तसंच होत नाही. 2000 साली आलेल्या होप नावाच्या मोठ्या चाचणीत हजारो लोकांनी वर्षानुवर्षं ई-जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट घेतलं, तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. गोळी चालूच ठेवा.

"मंग तू सहा महिने नागपूरले जाऊन केलं काय?"