समुद्रपक्ष्यांच्या संरक्षित बेटावर जाताना

अशा पुष्कळ बेटांवर उतरू देत नाहीत, पक्षी बोटीतूनच पाहावे लागतात. दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). त्याहून जास्त पटीच्या दुर्बिणीतून हलत्या बोटीत पक्षी नुसता नाचताना दिसतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

उतरायची परवानगी असेल तर आदल्या दिवशी बुटांचे तळ घासून धुवा आणि बॅग पूर्ण रिकामी करून झटका. चिकटून आलेलं तणाचं बी वाईटच, पण सामानात लपलेली एक गाभण उंदरीण त्याहून वाईट: जमिनीवरची अंडी-पिल्लं तिच्या पिलावळीपुढे टिकत नाहीत.

पायवाट सोडू नका. पफिन, शिअरवॉटर हे समुद्रपक्षी बिळांत घरटी करतात आणि वरची माती पायाखाली खचते. घरट्यावरचे पक्षी अस्वस्थ होऊन उठू लागले की मागे फिरा; ते उडाले तर तेवढ्यात कुरव (गल पक्षी) अंडी पळवतात. सुरय (टर्न पक्षी) मात्र उलट तुमच्यावरच झेपावतात, तेही तुमच्या सर्वांत उंच भागावर. टोपी घाला, काठी डोक्यापेक्षा उंच धरा, फिरवू नका.