शेक संपले, आता हार्मोनची गोळी घ्यायची का? हे कसं ठरवायचं

स्तनाच्या कॅन्सरसाठी चाललेला शेवटचा शेक (रेडिएशन) झाला त्या दिवशी फोंड्याला परत येताना वाटेत गाडी थांबवून आम्ही शहाळं प्यायलो, वाटलं सुटलो एकदाचे. फॉलोअपला गेले तर डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी हातात ठेवली, "रोज एक गोळी, पाच वर्षं." मागे एवढी रांग की काही विचारायचा धीरच झाला नाही. घरी येऊन पाकिटातला कागद वाचला, त्यात गर्भाशयाच्या कॅन्सरचं लिहिलेलं, आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले. नंतर हळूहळू जे समजलं, विचारलं, ते सगळं लिहितेय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी एकतर घाबरून गोळी सुरूच करत नाहीत नाहीतर सुरू करून गुपचूप सोडून देतात.

पहिलं म्हणजे नावाने गोंधळू नका. पाळी जाताना काहींना हार्मोन देतात ती वेगळी, ही तिच्या अगदी उलट. ही गोळी अंगातल्या इस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनला अडवते नाहीतर ते तयार होणंच कमी करते, कारण आपल्या प्रकारच्या गाठी त्याच्यावर पोसतात. आणि शेक घेतले मग परत हे कशाला? शेक लागतात तेवढ्याच जागेला, छातीला आणि काखेला. एखादी पेशी आधीच दुसरीकडे गेली असेल तर तिथे शेक पोचत नाहीत, गोळी पोचते, आणि दुसऱ्या बाजूच्या स्तनालाही तिचा उपयोग होतो.

आता बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरचा रिपोर्ट फाइलमधून बाहेर काढा आणि इआर, पीआर शोधा, म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन धरणाऱ्या जागा आहेत का ते. दोन्ही निगेटिव्ह असतील तर ह्या गोळीचा फायदा नाही, विषय तिथेच संपला. इआर चांगला पॉझिटिव्ह असेल तर फायदा भरवशाचा, अगदी १ ते १० टक्के असेल तर मात्र डॉक्टरांशी नीट बोलावं लागतं. सोबत गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), काखेतल्या लिम्फ ग्रंथींत कॅन्सर सापडला का, हर२ (गाठ वाढवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे एका कागदावर उतरवून घ्या, पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर ठरतात.

मग आकडे, आणि इथे जरा थांबा. टॅमॉक्सिफेन, म्हणजे ह्यातलीच एक गोळी, पाच वर्षं नीट घेतलं तर इआर पॉझिटिव्ह बाईला कॅन्सर परत यायचा धोका साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. ऐकायला खूप वाटतं, पण कशाच्या निम्मा हे महत्त्वाचं. समजा तुमच्यासारख्या १०० जणींत २० जणींना परत येणार असेल तर तो आकडा ११-१२ वर येतो, म्हणजे आठ-नऊ जणी परत कॅन्सर येण्यापासून वाचल्या. पण समजा तुमचा धोका मुळातच १०० त ६ असेल तर फरक दोन-तीन जणींचा. दोघींना डॉक्टर "निम्म्याने कमी" असंच सांगतील. म्हणून सरळ विचारा, "डॉक्टर, माझ्यासारख्या १०० बायकांत गोळी न घेता किती जणींना परत येतं आणि घेतली तर किती?" हा एकच प्रश्न लक्षात ठेवलात तरी पुरे. कॅन्सर दुधाच्या नळीतच अडकलेला म्हणजे डीसीआयएस असेल तर हिशेब अजून वेगळा. तिथे गोळीने परत गाठ यायचं प्रमाण कमी होतं पण आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि हल्ली टॅमॉक्सिफेन रोज २० ऐवजी ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं, असाही पर्याय देतात.

कुठली गोळी हे पाळीवर ठरतं. पाळी चालू असेल तर बहुतेक टॅमॉक्सिफेन. पाळी पूर्ण गेलेली असेल तर लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल नाहीतर एक्झेमेस्टेन. एक धोक्याची गोष्ट, केमोने पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं धरू नका, अंडाशय परत जागे होऊ शकतात आणि मग लेट्रोझोलचा उपयोग होत नाही, त्यामुळे चाळिशीतल्या बाईला ते लिहून दिलं तर रक्त तपासलंत का, अंडाशय बंद ठेवायचं इंजेक्शन लागेल का, हे विचाराच.

त्रासांबद्दल लपवत नाही. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा येतात, मे महिन्यात आपल्या गोव्याच्या घामट हवेत तर जीव नकोसा होतो, मी रात्री उशाशी ओला टॉवेल ठेवायचे. गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मुख्यत्वे पाळी गेलेल्या बायकांत थोडा वाढतो, पाळी चालू असताना जवळजवळ नाहीच, हे मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ते रडणं वाचलं असतं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र त्याच आठवड्यात दाखवायचं. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, आधी कधी झालेली असेल तर सुरू करायच्या आधीच सांगा, आणि एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर थांबू नका.

लेट्रोझोलवाल्यांचं दुखणं सांध्यांचं आणि हाडांचं. माझी मोठी जाऊ ६१ वर्षांची, सकाळी खवणीवर नारळ खवायला बसली की तिची बोटं वळेचनात, अर्धी कवड तशीच ठेवून उठायची आणि कोणाला सांगायची नाही. शेवटी मीच तिला ओढत नेलं, डॉक्टरांनी तीन आठवडे गोळी बंद ठेवून एक्झेमेस्टेन दिली, रोज चालायला लावलं, आता आखडतात पण काम होतं. ह्या गोळ्या सुरू करताना डेक्सा स्कॅन करून हाडं किती मजबूत आहेत ते बघून घ्या, ड जीवनसत्त्व तपासा. तारले काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियम मिळतंच.

खाली कोरडेपणा येतो, नवऱ्याबरोबर त्रास होतो, हे आपल्याकडे कोणी उच्चारत नाही आणि मग तेवढ्याचसाठी गोळी सुटते. बाई डॉक्टरला सांगा, हार्मोन नसलेली मलमं मिळतात. डिप्रेशनची काही औषधं, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा असर कमी करतात, म्हणून चालू असलेली सगळी औषधं दाखवा, शतावरीचे काढेसुद्धा. आणि टॅमॉक्सिफेनवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पण त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्याही चालत नाहीत, निरोध नाहीतर कॉपर टी.

माझं मत विचाराल तर, आकडे बघून मन दोलायमान असेल तर तीन महिने घेऊन बघते असं डॉक्टरांना सांगून सुरू करा. पाच वर्षांचा आकडा बघून छाती दडपते, पण झेपली नाही तर बदलता येते, थांबवताही येते, फक्त डॉक्टरांना सांगून. ठरवायला आठ-पंधरा दिवस घेतले तर सहसा काही बिघडत नाही, मन भरलं नाही तर बांबोळीला गोमेकोत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मुंबईला टाटात फाइल दाखवून दुसरं मत घ्या. पैशाचं म्हणाल तर टॅमॉक्सिफेन स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात विचारा, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड असेल तर हॉस्पिटलातल्या त्या काउंटरवर काय काय बसतं ते विचारून घ्या.

मी गोळी रात्री दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवते. गणेश चवथीला मूळ घरी जाताना एक पूर्ण पाकीट पर्समध्ये टाकते, कारण पहिल्या वर्षी माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानं) बांधायच्या गडबडीत तीन दिवस चुकली होती. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आपली नेहमीची एकच.