घोडं नक्की कुठे पेंड खातंय? गेमिंग पीसी उघडण्याआधीची तयारी

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं डोक्यात शिरलं की माणूस आधी रात्र रात्र व्हिडिओ बघतो. बघा, हरकत नाही. पण त्यातून कळतं ते दुसऱ्याच्या पीसीबद्दल. तुमच्याकडे गेम अडखळतोय तो कार्डामुळे, प्रोसेसरमुळे, रॅममुळे की फॅनमध्ये साचलेल्या धुळीमुळे, हे तुमच्याच मशीनवर मोजावं लागतं. म्हणून या यादीत खरेदी बरीच खाली येते. सगळ्यात वर आहे वही.

वहीत, किंवा फोनच्या नोट्समध्ये, आधी मशीनची कुंडली मांडा. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसची (मशीन चालू होताना आधी जागं होणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती मिळते. टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये रॅम किती आहे, कुठल्या वेगाने चालतेय आणि किती स्लॉट भरलेत हे दिसतं. प्रोसेसर आणि कार्डाची नावंही तिथेच आहेत. एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, मॉडेल मात्र सहसा कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी कॅबिनेटची बाजू उघडून स्टिकर वाचायचा, आणि तो नेमका आतल्या बाजूला तोंड करून असतो, तेव्हा टॉर्च हाताशी ठेवा. एकूण वॉटपेक्षा १२ व्होल्टवर किती मिळतात ते लिहून घ्या, कारण प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचीही मदार त्यावरच असते. एसएमपीएस किती वर्षांचा आहे, हेही लिहा.

आता मोजणी. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर टाकला की गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. त्याआधी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करा, नाहीतर कार्डाला मुद्दाम लगाम लावलेला असतो आणि तुम्ही दोष देता प्रोसेसरला. गेममधली एकच जागा ठरवा, गर्दीची, मारामारीची, जिथे नेहमी अडकतं ती. वीसेक मिनिटं तिथेच खेळा. मेनूवर बसून घेतलेले आकडे कामाचे नाहीत. जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या चिपचा, वापर ९५ ते ९९ टक्क्यांना चिकटून असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय आणि मर्यादा तिथेच आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि फ्रेम तरीही कमी पडताहेत, तर कार्ड कुणाची तरी वाट बघत बसलंय, आणि बहुतेक वेळा तो प्रोसेसरच असतो.

इथे 'पण माझा सीपीयू तर ३० टक्केच वापरला जातोय' हे हमखास ऐकू येतं. तो एकूण आकडा फसवा असतो. १६ थ्रेडच्या (एका वेळी १६ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा हिस्सा जेमतेम ६ टक्के दिसतो, आणि बऱ्याच गेमचं गाडं अशाच एक-दोन थ्रेडवर अडतं. टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा. त्यापेक्षाही खात्रीची चाचणी म्हणजे रिझोल्यूशन दोन पायऱ्या खाली आणा. फ्रेम एकदम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. होत्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि तरी लोक ती न करता कार्ड घेऊन मोकळे होतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सरासरी एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या, शेजारी 'वन पर्सेंट लो'चा, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा, आकडाही लिहा. सरासरी ९० असूनही मधूनच झटका बसत असेल तर दुखणं वेगळं असतं. रॅम काठोकाठ भरली असेल, गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल, किंवा कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम, पुरत नसेल. व्हीरॅमचा संशय असला की टेक्स्चरची सेटिंग एक पायरी उतरवून बघा. ८ जीबीच्या कार्डावर नव्या गेममध्ये एवढ्यानेही झटके थांबतात, आणि चित्रातला फरक बसल्या जागेवरून कळतही नाही.

मग फुकटातले उपाय. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली नाही ना, हे मागे वाकून बघा. हसू नका, हे होतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच ठेवलेला असू शकतो. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय आणि टास्क मॅनेजर २१३३ दाखवतोय, तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नाही. एएमडीसाठीच्या डीडीआर५ रॅमवर त्याचंच नाव एक्स्पो असतं. रॅमची एकच मोठी कांडी लावलेली असेल तर मेमरी एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसर उपाशी राहतो. दोन कांड्या असतील आणि स्लॉट चार, तर त्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र दिलेलं असतं, तेच खरं धरा.

तापमान. खेळताना प्रोसेसर किती तापतो आणि त्या वेळी त्याचा वेग किती उरतो, हे एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी बघा. नुसत्या आकड्याला घाबरू नका. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाऊ देण्याच्या हिशोबानेच बनवलेले आहेत. तापल्यामुळे वेग पडतोय का, हा खरा प्रश्न. धूळ काढताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोतात ती भन्नाट फिरवू नका. एसएमपीएस बाहेरून फुंकून साफ करा, उघडू मात्र कधीच नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

मंद मशीन आणि बिघडलेलं मशीन यांत फरक आहे, आणि बिघाड तसाच ठेवून वर नवा भाग चढवला तर पुढे दोष कुणाचा तेच कळेनासं होतं. तेव्हा क्रॅश होत असतील तर ते आधी. विंडोजमधली रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. कुठल्या तारखेपासून लाल फुल्या सुरू झाल्या ते एका नजरेत दिसतं, आणि त्या दिवशी कुठला ड्रायव्हर किंवा अपडेट आलं तेही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच एसएमपीएसला फासावर चढवतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते सांगत नाही. गेम ऐन रंगात असताना निळी स्क्रीनही न येता धाडकन सगळं बंद पडत असेल तर एसएमपीएस आणि तापमान यांवर संशय घ्या. वेगवेगळे गेम वेगवेगळ्या चुका दाखवून बंद पडत असतील तर एक्सएमपी बंद करून एक संध्याकाळ खेळा, मग रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावा. त्यात एकही चूक आली तर एकेक कांडी वेगळी तपासा. पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे दिसताहेत तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. अशा वेळी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरून ड्रायव्हर मुळापासून काढा आणि ताजा टाका. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो सांगतो. त्याने 'कॉशन' म्हटलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा उचला.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या ताकदीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोसची तारीख आवर्जून बघा. या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू अस्थिर होत होते, आणि त्यावर इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बायोसमधून येणाऱ्या मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. नवा बायोस पुढचं नुकसान टाळतो. झालेलं भरून काढत नाही. मात्र इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा मुकाट्याने नवा घेऊ नका.

एवढं झालं आणि तरी अपग्रेड लागतंच आहे, तर जुळवाजुळव. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते. प्रोसेसर बदलताना नुसतं सॉकेट जुळून भागत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर किमान कुठला बायोस हवा ते दिलेलं असतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवणं हे अजूनही झकास अपग्रेड आहे, पण बायोस जुना असेल तर मशीन नुसतं काळं तोंड दाखवतं. म्हणून बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकायचं. एम.२ च्या, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीच्या, स्लॉटबद्दल दोन गोष्टी पुस्तिकेत बघा: तो वेगवान एनव्हीएमई एसएसडी घेतो की फक्त जुन्या पद्धतीची साटा, आणि तो भरल्यावर एखादं साटा पोर्ट बंद पडतं का.

कार्डाची लांबी टेपने मोजा, पुढचे फॅन धरून. कूलरची उंचीही. विजेचा हिशोब सोपा आहे: पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनच्या जोडणीतून ७५, ८ पिनच्या प्रत्येक जोडणीतून १५०. दोन ८ पिन लागत असतील तर एकाच केबलची दोन टोकं वापरण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल ओढा. नवी १६ पिनची जोडणी पूर्ण आत गेल्याशिवाय सोडू नका आणि तोंडाशीच वाकवू नका. अर्धवट बसली तर वितळू शकते. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या केबल नव्याला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि डिस्क क्षणात जळू शकते.

उघडण्याच्या आदल्या दिवशी डेटा. फोटो-कागदपत्रं आठवणीने कॉपी केली जातात, गेमच्या सेव्ह फाइल राहून जातात. सगळेच गेम क्लाउडवर सेव्ह करत नाहीत. बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. आपण बिटलॉकर कधी चालू केलंच नाही, अशी खात्री असली तरी. विंडोज ११ अनेक मशीनवर ते आपणहून चालू करतं, आणि बायोस अपडेट किंवा प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच बूटला ४८ आकडी की मागितली जाऊ शकते. मदरबोर्ड बदलणार असाल तर विंडोजचं लायसन्स खात्याशी जोडून घ्या, आणि नव्या बोर्डाचा नेटवर्क ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण तो नसेल तर इंटरनेट नाही आणि इंटरनेट नसेल तर ड्रायव्हर नाही. विंडोज १० अजून वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बोर्ड-प्रोसेसर घेतानाच विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीचा विचार करा.

टेबलावर मोठा उजेड, चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्क्रूंसाठी दोन वाट्या. एम.२ चा इवलासा स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यातच कुठेतरी असतो, तो आधी शोधा. काही काढण्याआधी सगळ्या केबलचे फोटो काढा, विशेषतः पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरींचे. एएम४ चा कूलर काढायचा असेल तर आधी थोडा वेळ गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. थंड असताना सरळ वर ओढलात तर सॉकेटचा खटका बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि खालच्या पिना वाकतात. रॅम बसवताना दोन्ही टोकांना टक् असा आवाज आला पाहिजे. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची चाप दाबायला विसरू नका.

एका वेळी एकच बदल करा, मशीन चालू करून बघा, मग पुढचा. डीडीआर५ च्या मशीनला पहिल्या बूटला मेमरी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. फॅन फिरतात, स्क्रीन काळी, आणि आपला हात बटणाकडे जातो. थांबा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला पेटून राहिलाय ते बघा. शोध तिथूनच सुरू करायचा.

चालू झालं की एक्सएमपी आणि मॉनिटरचे हर्ट्झ पुन्हा तपासा, बायोस अपडेटने पहिलं मूळपदावर गेलेलं असतं. मग वहीतल्या त्याच जागेवर, त्याच सेटिंगवर, वीस मिनिटं. जुनं कार्ड आठ-पंधरा दिवस तरी अँटिस्टॅटिक पिशवीत जपून ठेवा, लगेच विकायला काढू नका. नव्यात काही खोट निघालीच तर ताडून बघायला तेच लागेल.