कॉकटिएल (तुऱ्याचा छोटा पाळीव पोपट) एकालाच चिकटलाय? मग हे करा

पक्षी फक्त ताईच्याच खांद्यावर बसतो आणि बाबांना चावतो, असं असेल तर त्याचा सगळ्यात आवडता खाऊ ताईने द्यायचाच नाही, तो फक्त बाबांच्या हातून, आणि तेव्हा ताईने खोलीत थांबायचं नाही. खाऊ म्हणून द्राक्षं द्यायची तर नाशकात काय तोटा, पण फवारलेली असतात, चांगली धुवून अर्धाच मणी द्या. आधी जाळीतून, मग हातावर. तुरा डोक्याला चपटा करून फिस्स करायला लागला की चावायच्या आधीच हात हळूच मागे घ्या. आणि पाठीवरून हात अजिबात फिरवू नका हां, त्याला ते जोडीदारासारखं वाटतं आणि मग बाकीच्यांवर अजून चिडतो, फक्त डोकं-मान खाजवा. पिंजरा हॉलमध्येच ठेवा.